उजव्या हातातली बेल

इथले भुताखेतांचे अनुभव मी वर्षभर वाचतेय. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा जेवणाच्या सुट्टीत, डबा खाता खाता आणि हसत. रस्त्यात पडलेलं लिंबू मी बिनधास्त ओलांडून जाते. सासूबाई अमावास्येला प्रवास नको म्हणतात, तर मी नेमकं त्याच दिवशीचं तिकीट काढते. आमच्या कामात आवाज आला की कारण शोधायचं असतं, आणि कारण सापडतंच — सैल झालेला स्क्रू, गरम झालेला पंखा, नाहीतर आपलीच चूक.

म्हणून हे लिहायला मला इतका वेळ लागला. आणि यात माझीही एक चूक आहे, ती गाळून हा अनुभव सांगता येत नाही.

मी नाशिक रोडला एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये एमआरआय टेक्निशियन आहे. चौदा वर्षं झाली या कामाला. सेंटरचं नाव सांगत नाही. आमच्याकडे आहे ती ओपन मशीन, लो-फील्ड. म्हणजे मोठ्या हॉस्पिटलमध्ये बोगद्यासारखी मशीन असते ना, पेशंटला आत सरकवतात, तशी ही नाही. जात्याची कशी एक तळी खाली आणि एक वर असते, तसे दोन मोठे गोल चुंबक. मधल्या जागेत पेशंट झोपतो. बाजूंनी सगळं उघडं. चुंबकाची ताकद मोठ्या मशीनपेक्षा बरीच कमी, त्यामुळे फोटो थोडे दाणेदार येतात आणि वेळ जास्त लागतो. पण आवाज कमी होतो, आणि मुख्य म्हणजे नातेवाईक शेजारी स्टुलावर बसून पेशंटचा हात धरू शकतो. बंद जागेची भीती असलेली माणसं, लहान मुलं, खूप जाड पेशंट — सगळे आमच्याकडे येतात. मोठ्या मशीनमधून रडत बाहेर आलेली माणसं आमच्याकडे झोपी जातात.

मशीनच्या खोलीला सगळीकडून तांब्याचा पत्रा आहे, भिंतींच्या आतून. बाहेरच्या लहरी आत आल्या तर फोटो बिघडतो. आत मोबाईलला रेंज नाही. मी बसते ती बाहेरची छोटी खोली, मध्ये जाळीची काच. पेशंट काचेतून दिसतो, शिवाय एका छोट्या स्क्रीनवर कॅमेऱ्यातून दिसतो. त्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग होत नाही, हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्ही विचारालच.

आणि पेशंटच्या हातात असते बेल. बेल म्हणजे रबरी फुगा, डॉक्टरांच्या बीपीच्या मशीनला असतो तसा. त्याला लांब नळी. फुगा दाबला की नळीतली हवा ढकलली जाते आणि माझ्या खोलीत बझर वाजतो, लाल दिवा लागतो. आतल्या भागात विजेचा काही संबंध नाही, नुसती हवा. दाबल्याशिवाय ती वाजत नाही.

गेल्या वर्षी मार्चमधली गोष्ट. बारावीची परीक्षा चालू होती आणि माझ्या मुलीचा त्या दिवशी फिजिक्सचा पेपर होता. सकाळपासून माझं डोकं तिकडेच होतं.

दुपारी एकच्या सुमाराला देवळ्याकडून एक पेशंट आली. सुमनबाई, वय सहासष्ट. सोबत फक्त त्यांचे यजमान, निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणत, म्हणून मीही गुरुजीच म्हणाले. महिन्याभरापूर्वी सुमनबाई ओट्यावरून घसरून पडल्या होत्या. तेव्हा काही झालं नाही. मग डोकं दुखायला लागलं, आणि चार दिवसांपासून उजवा हात-पाय लुळा पडत गेला, बोलणं अडखळायला लागलं. सीटी स्कॅन केला, त्यात नीट काही कळेना. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. शहरातल्या मोठ्या मशीनमध्ये नेलं तर सुमनबाईंनी आत सरकवताच असा आकांत केला की बाहेर काढावं लागलं. तिथून आमच्याकडे.

आमच्याकडे आल्या तेव्हा त्या बऱ्याच गुंगीत होत्या. हाक मारली की डोळे उघडायच्या, बघायच्या, पुन्हा मिटायच्या. उजवा हात उचलून सोडला की धपकन पडायचा.

गुरुजी म्हणाले, "ताई, मी बसतो आत. तिचा हात धरला की ती शांत राहते."

मी नेहमीचा फॉर्म भरून घेत होते. पेसमेकर आहे का, या प्रश्नावर ते म्हणाले, "हो, तीन वर्षं झाली."

"मग गुरुजी, तुम्हाला आत नाही सोडता येणार. चुंबक कमी ताकदीचा असला तरी पेसमेकरला चालत नाही."

"पाच मिनिटं?"

"एक मिनिट पण नाही."

त्यांचा मुलगा पुण्याहून निघाला होता, तो संध्याकाळपर्यंत येणार होता. आमचे रेडिओलॉजिस्ट सर मला म्हणाले, "रूपालीला बसव आत स्टुलावर." रूपाली म्हणजे रिसेप्शनवरची मुलगी. बाहेर आठ-दहा माणसं थांबलेली, फोन वाजतोय. मी म्हणाले, "सर, बाहेर कोण बघणार? बेल देते ना हातात."

गुरुजींनी ते ऐकलं. त्यांनी विचारलं, "बेल वाजली की तुम्ही लगेच जाल ना?"

"लगेच. मी समोरच असते काचेच्या."

आता माझी चूक, म्हणजे खरं तर चुका. मी फुगा सुमनबाईंच्या उजव्या हातात दिला. नळी उजव्या बाजूने येते, चौदा वर्षांची सवय, हाताने आपोआप केलं. लुळ्या हातात. बोटं मीच मिटवली, वरून चादर घातली आणि चादर दोन्ही बाजूंनी खोचली. फुगा कशासाठी आहे हे त्यांना सांगितलं नाही, कारण त्या डोळे मिटून होत्या. आणि तिसरी गोष्ट — रोज सकाळी आम्ही रजिस्टर भरतो. तापमान, टेस्ट स्कॅन, कॅमेरा, कॉल बेल. प्रत्येकापुढे बरोबरची खूण. त्या दिवशी बेल न दाबताच मी खूण केली होती. त्या दिवशीच कशाला, आधीचे कितीतरी दिवस.

पावणेदोनला स्कॅन सुरू केला. मेंदूच्या स्कॅनला आमच्या मशीनवर पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. सुमनबाई अगदी शांत होत्या. पहिले फोटो आले आणि माझ्यासारखीला पण दिसलं — डाव्या बाजूला कवटी आणि मेंदूच्या मध्ये चंद्रकोरीसारखा पांढरा पट्टा. जुना रक्तस्राव, हळूहळू साठलेला. मेंदू एका बाजूला ढकलला गेला होता. सीटीत असा जुना रक्तस्राव कधी कधी मेंदूच्याच रंगाचा दिसतो आणि निसटतो. मी सरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "पूर्ण कर, मी न्यूरोसर्जनशी बोलतो."

दोन वाजून दहा मिनिटांनी माझा मोबाईल वाजला. मुलगी होती, पेपर सुटला होता. "आई..." एवढंच म्हणाली आणि रडायलाच लागली.

माझ्या खोलीच्या दाराला काच आहे आणि बाहेर गुरुजी बसलेले. त्यांची बायको आत असताना मी फोनवर दिसायला नको, म्हणून मी खुर्ची फिरवली. मशीनच्या काचेकडे पाठ, स्क्रीनकडे पाठ, तोंड भिंतीकडे. हळू आवाजात तिची समजूत घालत होते. दोन न्यूमेरिकल सुटले नाहीत, आता काहीच होणार नाही, मी काहीच कामाची नाही, असं ती बोलत होती. मागे मशीनची ठक-ठक चालू होती. ती ऐकू येतेय म्हणजे सगळं ठीक आहे, असं कुठेतरी मनात धरून मी बोलत राहिले.

मग मुलगी मध्येच थांबली आणि म्हणाली, "आई, तुझ्याकडे काय वाजतंय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बझर वाजत होता. एकदा वाजून थांबला, पुन्हा वाजला. मी वळले तेव्हा तिसऱ्यांदा वाजत होता आणि लाल दिवा लागलेला होता.

स्क्रीनवर सुमनबाईंचं अंग हलत होतं, गचके दिल्यासारखं. मी फोन टाकला, स्कॅन थांबवला, दार उघडून आत गेले. त्यांना उलटी झाली होती. उताण्या झोपलेल्या, डोकं कॉइलच्या, म्हणजे फोटो घेणाऱ्या, पिंजऱ्यात पक्कं केलेलं, तोंड भरलेलं. ओठ निळसर. मी टेबल बाहेर ओढलं, कॉइल काढलं, त्यांना कुशीवर वळवलं आणि सरांना हाक मारली. सर धावत आले. आम्ही दोघांनी टेबल तसंच बाहेरच्या खोलीत नेलं, सक्शनची मशीन तिथे असते. सरांनी घसा साफ केला, ऑक्सिजन लावला. थोड्या वेळाने त्यांचा श्वास नीट लागला. तो किती वेळ होता मला सांगता येणार नाही.

गुरुजी दारात उभे होते. म्हणाले, "बेल ऐकली मी बाहेर. तुम्ही लगेच गेलात."

मी मान हलवली. हो म्हणाले नाही, पण नाहीही म्हणाले नाही.

ॲम्ब्युलन्सने त्यांना हलवलं. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं, कवटीला छोटी छिद्रं पाडून साठलेलं रक्त काढलं. सर मला म्हणाले, "आणखी दोन मिनिटं गेली असती तर अवघड होतं. चांगलं लक्ष ठेवलंस." रूपालीने चहा आणून दिला आणि म्हणाली, "मॅडम, बेल तीनदा वाजली ना? मी पण ऐकली." म्हणजे भास नव्हता. मुलीने ऐकली, गुरुजींनी ऐकली, रूपालीने ऐकली.

त्या गडबडीत मला एक गोष्ट जाणवलीच नव्हती. टेबल पुसायला आत गेले तेव्हा ती आठवली. मी सुमनबाईंना कुशीवर वळवताना चादर ओढून काढली होती, दोन्ही बाजूंनी खोचलेलीच होती ती. आणि फुगा त्यांच्या उजव्याच हातात होता, मी मिटवलेल्या बोटांत.

लुळ्या माणसाच्याही हाताला कधी झटका येतो, स्नायू आखडतात, असं मी स्वतःला समजावलं. उलटीच्या गचक्यात हात आवळला गेला असेल. तीनदा. होऊ शकतं. मी फुगा हातात घेतला आणि दाबला.

काहीच वाजलं नाही.

पुन्हा दाबला. दोन्ही हातांनी दाबला. मग रूपालीला बझरजवळ उभं केलं, दार उघडं ठेवलं आणि आतून दाबत राहिले. ती म्हणाली, "मॅडम, दाबा ना."

"दाबतेय."

"दिवा पण नाही लागत."

मी सरांना एवढंच सांगितलं की बेल बंद पडली आहे. ते म्हणाले, टेबल ओढताना नळी निघाली असेल, इंजिनिअरला बोलाव. तोपर्यंत प्रत्येक पेशंटबरोबर कोणीतरी आत बसेल अशी व्यवस्था केली.

तिसऱ्या दिवशी सर्व्हिस इंजिनिअर आले, शिंदे म्हणून. बरीच वर्षं तेच येतात. त्यांनी टेबलाखालचं कव्हर काढलं आणि मला वाकून बघायला सांगितलं. नळी टेबलाच्या चाकाच्या पट्टीखाली सापडून पूर्ण तुटलेली होती. दोन टोकं, मध्ये चार बोटांचं अंतर.

मी विचारलं, "परवा आम्ही टेबल जोरात ओढलं. तेव्हा तुटली असेल का?"

त्यांनी एक टोक माझ्यासमोर धरलं. कापलेली कड पिवळी पडून कडक झाली होती आणि आत धूळ बसलेली. "ताई, हे परवाचं नाही. दोन-तीन महिने तरी झाले असतील. तुम्ही रोज चेक करता ना?"

"करतो," मी म्हणाले.

त्यांनी रजिस्टर मागितलं नाही. मागितलं असतं तर काय केलं असतं कोण जाणे.

मग मी विचारलं, नळी तुटलेली असताना बझर आपोआप वाजू शकतो का. ते म्हणाले, बझरच्या खोक्यात हवेच्या दाबाचं बटण असतं, ते खराब झालं तर वाजू शकेल. त्यांनी खोकं उघडलं, तपासलं. बटण चांगलं होतं. एसी बंद-चालू करून पाहिला, दार आपटून पाहिलं, स्कॅन लावून तासभर बसले. एकदाही वाजला नाही. त्यांनी नवीन नळी घातली, आतून दाबून पाहिली, बझर वाजला, आणि मी खुर्चीवरून दचकून उठले. ते हसले. "काय ताई, आता चालू झाली की."

त्यानंतरचे दोन महिने कसे गेले ते माझं मला माहीत. पेशंट आत असला की मी काचेवरची नजर काढायची नाही. घरी कुकरची शिट्टी झाली तरी मी हातातलं टाकून उठायचे. एकदा तर नवऱ्याने विचारलं, तू झोपेत हाताची मूठ का आवळतेस? मी त्यालाही काही सांगितलं नव्हतं.

मे महिन्यात सुमनबाई आणि गुरुजी आले. पुन्हा स्कॅन होता, सगळं ठीक आहे ना ते पाहायला. सुमनबाई चालत आल्या, गुरुजींच्या पुढे. डोक्यावर केस नुकते उगवत होते, त्यावरून पदर घेतलेला. हातात पिशवीभर घरची डाळिंबं, आणि पिशवी उजव्या हातात. या वेळी रूपाली त्यांचा हात धरून आत बसली होती, म्हणून बेल द्यावी लागली नव्हती. स्कॅन चांगला निघाला. रक्त कुठेही शिल्लक नव्हतं. गुरुजी रिपोर्ट समजून घ्यायला सरांकडे गेले आणि सुमनबाई माझ्या खोलीत येऊन बसल्या.

माझं माहेर सटाण्याकडचं. त्यांची बोली मला समजते, म्हणून त्या माझ्याशी मोकळेपणाने बोलत होत्या. मी बराच वेळ धीर गोळा करत होते. शेवटी विचारलं, "मावशी, त्या दिवशी बेल तुम्ही दाबली होती का? आठवतंय काही?"

"कसानी बेल?"

मी खणातला जास्तीचा फुगा काढून दाखवला. त्यांनी हातात घेऊन पाहिला, उलटा केला, परत दिला.

"मी काय दाबं नई, पोरी. माले काय माहीत हाई दाबानं ऱ्हास. आन हात त मना मरेलच व्हता."

म्हणजे दाबायचं असतं हेच त्यांना माहीत नव्हतं, आणि हात तर मेलेलाच होता. त्या काचेतून आत मशीनकडे बघत होत्या. डोक्याच्या कॉइलला वर छोटा आरसा असतो, पेशंटला त्यातून काचेपलीकडचं दिसावं, एकटं वाटू नये म्हणून. त्या आरशाकडे त्यांनी बोट केलं.

"माले त्यामझार तुनी पाठ दिसत व्हती," त्या म्हणाल्या.

त्यांना सगळं आठवत होतं. तोंड भरून आलं, श्वास घेता येईना, ओरडता येईना, आणि आरशात मी, पाठमोरी. त्या माझी वळायची वाट बघत होत्या.

"मावशी, मी फोनवर होते," मी म्हणाले. "माझी मुलगी रडत होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पदर सारखा केला आणि दाराकडे नजर टाकून हळूच म्हणाल्या, "मी त्यासले सांगेल नई." गुरुजींना सांगितलेलं नाही. मग गुरुजी आलेच, आणि त्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. फोन, उजवा हात, रजिस्टरमधल्या खोट्या खुणा. ते म्हणाले, यापुढे बेल दोघांनी मिळून तपासायची, आणि गुंगीतला पेशंट एकटा आत ठेवायचा नाही. मला कामावरून काढलं नाही. गुरुजींना मात्र मी अजून सांगू शकलेले नाही. ते सणासुदीला फोन करतात, त्यात घरच्यांची, मुलीची चौकशी करतात.

तुमच्यापैकी कोणी इंजिनिअर असेल तर सांगा, चार बोटांचं अंतर असलेल्या नळीतून हवा कशी गेली. सरांनी विचार केला, शिंद्यांनी केला, मी अजून करते. भूत वगैरे मी आजही मानत नाही. तिथे आत कोणी दिसलं नाही, थंड वारा आला नाही, काही नाही. फक्त बेल वाजली, तीन वेळा.

ती कोणी वाजवली हे मला माहीत नाही. नसती वाजली तर मी कधी वळले असते, ते मात्र पक्कं माहीत आहे. मुलीचं रडणं थांबल्यावर.